मेणबत्तीवर काळी केलेली डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे, आणि तुम्ही मला नुसती डबी म्हटलंत तरी चालेल. मोठमोठी विशेषणं मी पुष्कळ ऐकली. त्यांतलं एकही माझं नव्हतं.

माझा जन्म टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. तिथे एक छोटी कंपनी आहे. जिथे माणूस टिकत नाही तिथे टिकतील अशी यंत्रं ती बनवते. कुणी भट्टीच्या तोंडाशी बसतं, कुणी बर्फात, कुणी खोल खाणीच्या तळाशी. कंपनी म्हणजे मुख्यतः दोघं भावंडं. ताई यंत्रं घडवते आणि दादा ती विकतो. ताईला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, आणि दादाचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यामुळे कामाची वाटणी कधी करावीच लागली नाही.

आम्ही डब्या अग्निशमन दलाच्या जवानांसाठी होतो. जवानाच्या कोटाच्या खिशात बसायचं, आणि आतली उष्णता माणसाला सोसणार नाही इतकी वाढली की कर्कश ओरडायचं. धुरात त्याला काही दिसत नाही आणि जाड कोटातून धग उशिरा कळते. माघारी फिर, हे त्याला सांगणारं आमच्याशिवाय तिथे कुणी नसतं.

मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला ताईने एकाच दिवशी घडवलं. चिमुकल्या तारांना कथलाचा डाख देताना ती श्वाससुद्धा रोखून धरायची. मग आमची परीक्षा झाली. कंपनीत तापवून बघायची एक पेटी आहे. तिला सगळे सासूबाई म्हणतात, कारण तिच्या तावडीतून सहीसलामत सुटणं कठीण. बहीण सुटली. माझा मात्र एक डाख तापला की सैल पडायचा. गार खोलीत तपासणीचं बटण दाबलं की मी खणखणीत ओरडायचे आणि खरी धग लागली की मुकी व्हायचे. ताईने मला पुन्हा पुन्हा तापवून पाहिलं आणि शेवटी मोडीच्या खोक्यात टाकलं. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, असं म्हणतात. माझ्या हाती तर कथीलसुद्धा धड नव्हतं. वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही. मी नापास झाले होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बहीण आधी कसोटीसाठी एका काचेच्या कारखान्यात गेली. तिथल्या भट्टीलगत तिने अशी चाकरी केली की कारखानदार तिला परत द्यायलाच तयार होईना. “चालते आहे ना, मग राहू दे की इथेच,” असं तो म्हणाला. याहून मोठी शाबासकी ती कोणती? पण दादाची पंचाईत झाली. गिऱ्हाइकाला दाखवायचं काय?

दादाने मला खोक्यातून उचललं. चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर चहूबाजूंनी काळं केलं, आणि काजळी बोटाला लागू नये म्हणून वर वार्निशचा हात मारला. ताई दारात उभी होती.

“दादा, ही नापास आहे,” ती म्हणाली.

“अगं, विकायची कुठे आहे? नुसती दाखवायची. खरी भट्टीत आहेच ना, हा तिचा फोटो समज.”

ताई मागे वळली आणि आपल्या कामाला लागली.

मित्रांनो, तोंडाला काळं फासतात ते बदनामीसाठी. माझ्या तोंडाला काळं फासलं ते मिरवण्यासाठी. मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि वर छोटा दिवा लावला. “ही बघा, भट्टीतून आलेली,” असं दादा सांगायचा, आणि पाहुणे मला दोन्ही हातांनी जपून धरायचे. कुणी म्हणे काय चिवट आहे, कुणी म्हणे हिला सलाम. त्यांचे हात गरम असत आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होई. ताई कपाटावरून जाताना खाली बघायची. बाकीच्या वस्तू ती स्वतः पुसायची, मला कधी हात लावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने मनाला समजावलं असेल.

मग एक दिवस अग्निशमन दलाचे साहेब आले. धिप्पाड माणूस, एक कान भाजून आक्रसलेला. “आमचा एक पोरगा वेळेत मागे फिरला नाही,” एवढंच त्यांनी सांगितलं. दादाने नव्या कोऱ्या डब्या टेबलावर मांडल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग कपाटाकडे बोट दाखवलं.

“ही द्या.”

“साहेब, ती जुनी आहे हो. नव्या न्या ना.”

“नव्यांचा काय भरवसा? ही तावून सुलाखून निघालेली आहे. आत सगळ्यांत पुढे जातो, त्याच्या खिशात हीच घालीन.”

त्यांनी माझं बटण दाबलं. खोली गार होती, आणि मी खणखणीत ओरडले. त्या आवाजाची मला इतकी शरम वाटली की काय सांगू.

“अहो, ती शोभेची आहे,” दादा म्हणाला.

“शोभेची कशी? भट्टीतून आली ना?”

दादाची जीभ कधी नव्हे ती टाळ्याला चिकटून बसली. साहेबांनी मला खिशात टाकलं, वरून बटण लावलं आणि ते उठले.

“साहेब, तिला बाहेर काढा.” आवाज ताईचा होता. “ती कधी भट्टीत गेलेलीच नाही. आम्ही तिला मेणबत्तीवर काळी केली. खऱ्या आगीत ती ओरडणार नाही.”

साहेबांनी मला सावकाश बाहेर काढलं.

“हे तुम्हाला आज कळलं का, बाई?”

हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही,” ताई म्हणाली. “पहिल्यापासून माहीत होतं.”

साहेबांनी मला टेबलावर ठेवलं. नव्या डब्यांना हातही लावला नाही. “या चांगल्या असतीलही,” ते म्हणाले. “पण माझी पोरं आगीत शिरतील ती तुमच्या शब्दावर. तो कुठल्या पेटीत घालून तपासू?”

ते गेले. जिन्यावरचे त्यांचे पाय खालच्या टायरच्या दुकानापर्यंत ऐकू आले.

“मी सांगणार होतो गं,” दादा म्हणाला.

“केव्हा?” ताईने विचारलं.

दादाने कपाटावरचा दिवा मालवला. साहेब अजून परत आलेले नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा, धूळ पुसा, हे तर प्रत्येक जुनी वस्तू तुम्हाला सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. जी नापास झाली तिला नापास म्हणा. तिचं वाईट होणार नाही, तिला त्याची लाजही वाटणार नाही. खोटी शाबासकी मात्र तिला देऊ नका. ती शाबासकी कपाटात बसून राहत नाही. तिच्यावर विसंबून कुणीतरी आगीत शिरतो.