आत्याच्या पोटरीवरचा तीळ

आत्याने तलावाच्या या काठावरून "पाय मार!" म्हटलं की त्या काठावर वाट बघत बसलेले पालकसुद्धा दचकून पाय हलवायचे. शिकणारी पोरं तिला मागे 'भोंगा' म्हणत. पोहायला शिकवता शिकवता तिचं अर्धं आयुष्य उघड्या तलावावर, भर उन्हात गेलं होतं. आणि आता तर तिच्या सख्ख्या भाचीनेच खाडी पोहून जायचं ठरवलं होतं! आत्याला जेवण सुचत नव्हतं.

त्या सकाळी भाची काठ धरून धापा टाकत होती. आत्या पाठमोरी उभी राहून घड्याळ बघत होती. तिची पोटरी अगदी भाचीच्या डोळ्यांसमोर आली.

"आत्या, हा तीळ एवढा मोठा होता का गं?"

"तीळ सोड, वेळ बघ! कालच्यापेक्षा झकास!"

"अगं, एका बाजूला पसरलाय. कडा वेड्यावाकड्या झाल्यात. कुठे काळा, कुठे तपकिरी."

"दुखत नाही, खुपत नाही. खाडी झाली की दाखवू."

"आधी दाखवायचं. नाहीतर मी पाण्यात उतरणार नाही."

हा हट्ट आपल्याकडूनच आलाय हे आत्याला चांगलं ठाऊक होतं. तिने कपडे बदलले.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी भिंगातून तीळ पाहिला. मग पाठ, मान, नखं, तळपायसुद्धा पाहिले.

"लहानपणी उन्हाने कातडी भाजायची?"

"दर सुट्टीत! खांद्यावर फोड यायचे. मग साल निघायची, आणि कुणाची मोठी निघते यावर आम्हा भावंडांची पैज!"

"घरात असा आजार कुणाला?"

आत्याचा भोंगा एकदम खाली आला. "वडिलांच्या पाठीवर काळी गाठ आली होती. त्यातच गेले. आजाराचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"मेलानोमा असेल, म्हणजे कातडीचा कर्करोग. हाही तसाच असू शकतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांनी कातडीला रंग देणाऱ्या पेशी दुखावतात. एखादी बिथरते आणि वाढत सुटते. तुमची कातडी उजळ, अंगभर तीळ, लहानपणीचे फोड, वर्षानुवर्षांचं ऊन, त्यात वडिलांचा आजार. यातलं काही असलं म्हणजे तो होतोच असं नाही, पण धोका वाढतो. काढून तपासू या."

"म्हणजे सावळ्या माणसांना काळजी नाही?" भाचीने विचारलं.

"त्यांना कमी होतो, पण होतो. तळपायाला, नखाखाली, जिथे ऊन पोचतही नाही तिथे. चल, आता तू. घराणं तेच आणि तलावही तोच."

भाची भिंगाखाली बसली. तिच्या अंगावर वावगं काही सापडलं नाही. दरवर्षी दाखवायचं, एवढं ठरलं. तिच्या वडिलांनाही आत्याने दंडाला धरून नेलं. "मी काय तुझा विद्यार्थी आहे?" असं ते वाटभर कुरकुरत होते.

अहवाल आला. मेलानोमाच निघाला! पण अगदी पातळ, वरच्या थरातच थांबलेला. भोवतालची थोडी कातडी आणखी काढली, टाके पडले, आणि आत्या वाचली. भाचीने तिला दवाखान्याच्या जिन्यावरच कडकडून मिठी मारली.

"एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात," आत्या डोळे पुसत हसली, "हा मेला एकटाच मला खायला निघाला होता!"

जखम भरेपर्यंत खाडी पुढे ढकलली. ठरलेला दिवस आला तेव्हा फटफटायच्या आत भाची पाण्यात होती. ऊन चढायच्या आधी जास्तीत जास्त अंतर कापायचं, हा नवा बेत आत्याचाच. ती स्वतः होडीत लांब बाह्यांचा सदरा, रुंद टोपी आणि नाकावर मलमाचा थर अशा अवतारात बसली होती. भाचीला श्वास घेताना ते ध्यान दिसायचं आणि हसू येऊन खारं पाणी तोंडात जायचं.

किनारा जवळ आला तशी भरती फिरली. हात मारावे तितकं पाणी मागे ओढत होतं. भाचीचे खांदे भरून आले. होडीतून आत्याने तिच्यासोबत हात मोजायला सुरुवात केली, होडीवालाही मोजू लागला, किनाऱ्यावर भाचीचे वडील गुडघाभर पाण्यात उतरून नाचू लागले. आणि बोटांना वाळू लागली! लागली वाळू!

आत्याने सदऱ्यासकट उडी टाकली. तिघंही गुडघाभर पाण्यात एकमेकांना धरून एकदमच बोलत होती, कुणाचं कुणाला कळत नव्हतं.

"परत कसं जायचं?" होडीवाल्याने विचारलं.

"पोहत तर मुळीच नाही!" भाची ओरडली, आणि वाळूत फतकल मारून बसली.