दहापैकी दोन

मी बाळाला पाडलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीत उलटं सांगणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांनी ते एकाच तोंडून ऐकलंय.

बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. आधी बरणीचं झाकण फिरवताना, मग ओला कपडा पिळताना, मग बाळाच्या बगलांत हात घालून त्याला उचलताना. आमच्या मुलाला आम्ही गाठोडं म्हणतो. एका सकाळी गाठोड्याला गादीवरून उचलायला गेले आणि मनगटात सुरी फिरल्यासारखं झालं. बोटं आपसूक सुटली. ते वीतभर उंचीवरून पुन्हा गादीवर टेकलं आणि खुदकन हसलं. रडले मी. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी गाठोडं उचललं आणि आपल्या खोलीत नेलं. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या काकूंना कळलं होतं, की खालची सून हातातून पोर पाडते.

नवरा मला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात घेऊन गेला. शिंप्याच्या दुकानावरची एकच मोठी खोली. भिंतीला लाकडी दांड्यांची शिडी, कोपऱ्यात रबरी चेंडू, आणि पडद्याआड कोणाचं तरी कण्हणं. गाठोड्याला धरायला म्हणून सासूबाईही आल्या होत्या. तिथल्या मॅडमनी मला अंगठा मुठीत घ्यायला सांगितलं आणि ती मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. मी स्टुलावरून उडालेच. त्या म्हणाल्या, अंगठ्याच्या दोऱ्या ज्या नळीतून जातात ती सुजली आहे, नव्या आयांना हे सर्रास होतं. चूक हाताची नाही, पकडीची आहे. अंगठा फाकवून बाळाला कात्रीत धरल्यासारखं उचलायचं नाही. तळवे वर, अंगठा बोटांना चिकटलेला, आणि सुपात घेतल्यासारखं खालून अख्ख्या हातावर घ्यायचं. थोडे दिवस अंगठ्याला पट्टा. मग त्यांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं?

मी म्हटलं, नऊ.

"नऊ म्हणजे बाळंतपण," सासूबाई मॅडमना म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मनगटाला कसले आलेत नऊ? दोनच असेल. ती वाढवून सांगते."

पडद्याआडचं कण्हणं थांबून कोणीतरी हसलं. नवरा भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत राहिला. आईचं बोलणं त्याला ऐकू येत नाही आणि माझं रडणं त्याला दिसत नाही. संसारासाठी माणूस सोयीचा आहे.

पुढे पट्ट्याचे दिवस गाठोडं त्यांच्याच मांडीवर राहिलं. पाजायला तेवढं माझ्याकडे यायचं आणि ढेकर काढायच्या आत परत. मी हात पुढे केले की एकच उत्तर असायचं, राहू दे, तुझ्या हातातून पडेल. हळूहळू ते माझ्याकडे येताना त्यांच्याकडे वळून बघायला लागलं. अंगठा बरा झाला. पट्टा खुंटीला गेला. ते वाक्य मात्र खुंटीला जायला तयार नव्हतं, आणि ते ज्या तोंडातून आलं त्याच तोंडात परत घातल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

त्यांचा खांदा गेला हे त्यांच्या आधी मला कळलं. मी बघत असते. आई झाल्यापासून मला दुसरं येतं काय? त्यांचा अंबाडा मानेवरून डाव्या कानाकडे सरकत चालला होता, कारण उजवा हात मागे पोचत नव्हता. दोरीवर टॉवेल टाकायच्या आधी त्या दोरीकडे बघत उभ्या राहायच्या, नदी ओलांडायची असल्यासारख्या. गाठोडं नेहमी डाव्याच कमरेवर. मी एक शब्द बोलले नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि जळायला थोडा वेळ द्यावा लागतो.

शेवटी एका सकाळी त्यांचा हात बाहीत जाईना, आणि आमची वरात पुन्हा शिंप्याच्या दुकानावर गेली. मॅडमनी हात पुढे, वर, बाहेर नेऊन बघितला. खांदा आखडलाय, म्हणाल्या. सांध्याभोवतीचं आवरण आवळून बसलंय. सुटेल, पण महिने लागतील. हात मुळीच हलवला नाही तर आणखी आवळेल, आणि ओढाताण केली तर चिडेल. मग तोच प्रश्न आला. दहापैकी किती?

सासूबाईंची नजर माझ्याकडे आली. मी ती तिथेच धरून ठेवली.

"दोन," त्या म्हणाल्या.

का, ते मला लगेच उमगलं. मोठा आकडा सांगितला असता तर गाठोडं मांडीवरून उतरलं असतं. शिवाय माझ्यासमोर नऊ म्हणणार कशा? स्वतःच घातलेल्या कुंपणात स्वतःच अडकल्या होत्या. चपलेत त्यांची पायाची बोटं आवळलेली मला दिसत होती.

घरी व्यायाम करून घ्यायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. आधी गरम पिशवी. मग टेबलाला टेकून वाकायचं आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडायचा. मग बोटांनी भिंत चढायची. शेवटी उताणं झोपून कोपर फासळीला टेकवायचं आणि मी मनगट धरून हात हळूहळू बाहेर न्यायचा. मॅडमनी मला बजावलं, सारखा आकडा विचारत जा. चारपर्यंत चालतं, वर गेला की थांबायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं दिसलं, तर आदल्या दिवशी अती झालं असं समजायचं.

दुपारी गाठोडं झोपलं की सासूबाईंचा हात माझ्या हातात यायचा.

किती? दोन. आता? दोनच. पायाची बोटं चादर पकडायची, ओठ पांढरे व्हायचे, पण आकडा जागचा हलायचा नाही. मी शिकलेली बाई आहे, चादर मला वाचता येते. पण मॅडमनी आकडा ऐकायला सांगितला होता, चादर नाही. दोन म्हणताय तर अजून थोडं जाऊ या, आई, असं मी अगदी गोड आवाजात म्हणायचे आणि न्यायचे. दुसऱ्या सकाळी त्यांना उजव्या हाताने कप तोंडाशी नेता आला नाही. मला वाईट वाटलं असं इथे लिहायला हवं. वाटलं नाही. दुपारी पुन्हा विचारलं, किती? आणि दोन म्हणाल्या. पुन्हा नेला.

असे काही दिवस गेले. मग सुट्टीच्या दिवशी काकू खाली आल्या. नवरा घरीच होता, गाठोडं त्याच्याकडे होतं. काकूंना नातू दाखवायच्या भरात सासूबाईंनी सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि त्याला घेतलं. डावा हात वर गेला. उजवा छातीपाशीच अडकला. गाठोडं एका बाजूला कलायला लागलं, आणि माझे तळवे कधी त्याच्याखाली जाऊन थांबले ते मलाच कळलं नाही. वर तळवे, चिकटलेले अंगठे. पण मी त्याला घेतलं नाही. नुसते हात धरून उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. गाठोडं खाली वाकून माझं नाक धरायला बघत होतं.

"धर त्याला," त्या म्हणाल्या. मी तशीच उभी. "धर, अगं. माझ्या हातातून पडेल."

तेव्हा घेतलं. सुपात घेतल्यासारखं, अलगद.

काकू चाचरत म्हणाल्या, फार दुखतो का हो खांदा? दहापैकी नऊ, सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. एवढे दिवस दाबून ठेवलेला आकडा एकदम सुटला आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतलं पाणीही.

"नऊ म्हणजे बाळंतपण, काकू," मी म्हटलं. "दोनच असेल. त्या वाढवून सांगतात."

काकूंना बघायला जागा सापडेना. नवऱ्याने मान वर केली. घरात हाडांचं चित्र नव्हतं, त्यामुळे त्याला माझ्याकडेच बघावं लागलं. सासूबाईंनी डावा हात तोंडावरून फिरवला.

"माझंच वाक्य आहे," त्या म्हणाल्या.

"तुमचंच."

मग काकूंना म्हणाल्या, हिचंही तेव्हा नऊच असणार. आणि हे वरती सांगा, पहिलं सांगितलं होतंत तसंच. काकू लवकरच निघाल्या. सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात बायका माझ्या मनगटाची चौकशी करायला लागल्या.

दुपारी गाठोडं माझ्या खोलीत झोपलं, मी गरम पिशवी भरली. सासूबाई उताण्या झोपल्या. मी मनगट धरलं, कोपर फासळीला टेकवलं आणि हात बाहेर न्यायला लागले.

"किती?"

"तीन."

मी चादरीकडे पाहिलं. बोटं मोकळी होती. खरं बोलत होत्या.

तरी चार म्हणेपर्यंत नेला. चारपर्यंत चालतं.