लाल फडक्याचा बांबू

अक्षताच्या स्कूटरला दहिसरच्या चाळीत सगळे ‘म्हैस’ म्हणत. दीडशे सीसीची ती गाडी अंगाने होतीच तशी, रुंद आणि जड. पण गणपतीत, पाऊस झोडपत असताना, ह्याच म्हशीने तिला थेट मालवण गाठून दिलं होतं. तेव्हापासून हसणारे जरा जपून हसत.

त्या दुपारी धाकट्या बहिणीचा, जानकीचा फोन आला. “ताई, ये. हर्षद मारून टाकेल मला.” मागे काहीतरी फुटलं आणि फोन बंद झाला.

जानकी घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर राहायची. पाऊस आदल्या रात्रीपासून थांबला नव्हता. अक्षताने रेनकोट चढवला, जास्तीचं हेल्मेट डिकीत टाकलं आणि हायवेला लागली. वारा बाजूने धक्के मारत होता, ट्रकच्या चाकांचं पाणी तोंडावर चाबकासारखं बसत होतं. जीव पुढे धावत होता, पण हात शांत होते. लांबच्या रस्त्यांनी तिला शिकवलं होतं, पाण्यात वेग वाढवायचा नाही आणि थ्रॉटल सोडायचं नाही. सोडलं की सायलेन्सरमधून पाणी आत शिरतं आणि गाडी जागच्या जागी बंद पडते.

साकीनाक्याला मेट्रोच्या खांबांखाली गुडघाभर पाणी होतं. पाणी ओसरावं म्हणून तिथल्या वर्कशॉपवाल्यांनी गटाराचं झाकण काढलं होतं, आणि कुणी आत पडू नये म्हणून भोकात लाल फडक्याचा बांबू उभा केला होता.

“ताई, बांबूपासून लांब!” एकजण ओरडला. “बैल गिळेल एवढं भोक आहे!”

असल्फ्याला दार उघडंच होतं. जानकी भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. तिचा नवरा हर्षद कमरेचा पट्टा मुठीला गुंडाळत उभा होता.

“आली का रेसर!” तो हसला. “चहा टाकू?”

“जानकी, ऊठ.”

“ती कुठे जात नाय.”

पट्टा सुटला तो अक्षताच्या हेल्मेटवर खाडकन बसला. तिने ओट्यावरचा तवा उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला. तो किंचाळत खाली बसला. तेवढ्यात दोघी पायऱ्या उतरल्या.

“घट्ट धर मला,” अक्षता म्हणाली. “मी वाकले की तूही वाकायचं. आणि मागे बघायचं नाही.”

“ताई, तो बाइक काढतोय.”

“बघू नको म्हटलं ना!”

साकीनाक्याच्या पाण्यात अक्षताने गाडी हळू घातली. मागून हर्षद सुसाट आला, लाट उडवत पुढे घुसला आणि बाइक आडवी घालायला गेला. ती घसरली, बुडाली, बंद पडली. अक्षताने ब्रेक दाबले, पाय टेकले, पण थ्रॉटल थोडं उघडंच ठेवलं. म्हैस गुरगुरत उभी राहिली.

हर्षदने अक्षताला हेल्मेटला धरून खाली ओढलं.

“जानकी, हँडल पकड!” ती ओरडली. “डावा ब्रेक दाब! थ्रॉटल सोडू नको, काय झालं तरी!”

जानकीने आयुष्यात स्कूटर चालवली नव्हती. ती पुढे सरकली आणि तिने हँडल धरलं.

हर्षदने अक्षताचं तोंड पाण्यात दाबलं. तिने त्याच्या मनगटात दात रोवले, रक्ताची चव येईपर्यंत. त्याने लाथ घातली, ती लांब पडली. मारायला काहीतरी हवं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारचा बांबू उपसला.

पावसाळ्यात उभ्या बांबूचा अर्थ मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. हर्षदलाही ठाऊक होता. पण त्या घटकेला त्याला फक्त काठी दिसली.

पहिला फटका अक्षताच्या खांद्यावर बसला. दुसऱ्यासाठी त्याने बांबू डोक्यावर उचलला, जोर मिळावा म्हणून एक पाय मागे टाकला आणि दिसेनासा झाला.

मग दोन हात वर आले. कडेला धरून तो काखेपर्यंत आत लटकत होता. पाणी त्याच्या खांद्यांवरून भोकात कोसळत होतं, त्याला खाली खेचत होतं.

“जानकी!” तो गटांगळ्या खात ओरडला. “जानकी, वाचव गं!”

बांबू अक्षताच्या पायाशी तरंगत होता. तिने तो उचलला. मारावा की द्यावा, हे तिचं तिलाच कळेना. तिने बहिणीकडे पाहिलं.

जानकीच्या फाटक्या ओठातून रक्त ठिबकत होतं. मूठ थ्रॉटलवर आवळलेली. तिने एका डोळ्याने त्या दोन हातांकडे बराच वेळ पाहिलं. एक हात निसटला.

“दे त्याला बांबू,” ती म्हणाली. “आणि चल.”

अक्षताने बांबू भोकावर आडवा सारला. हर्षदने त्याला मिठी मारली. वर्कशॉपवाले दोर घेऊन धावत येत होते.

“सोड आता,” अक्षता गाडीशी येऊन म्हणाली. जानकीची बोटं उघडेनात. अक्षताला ती एकेक करून सोडवावी लागली, पण इंजिन तिने बंद पडू दिलं नाही.

म्हैस सावकाश पाणी कापत चढाला लागली.

“ताई, आता मागे बघू?”

“बघ.”

जानकी वळली. हर्षद दुभाजकावर पालथा पडून ओकत होता. कुणीतरी भोकापाशी वाकलं होतं.

“बांबू लावला परत,” ती म्हणाली, आणि तिने अक्षताची कंबर घट्ट धरली.