इस्त्रीचा शर्ट आणि गप्प प्रोग्राम

फोटो स्टुडिओत बोलायचं काम एकट्या ताईकडे. आप्पा, म्हणजे तिचे वडील, मुळातच घुमे. उभ्या हयातीत गिऱ्हाइकांशी ‘हनुवटी वर’ यापलीकडे फारसं बोलले नसतील. धाकट्या भावाने ते जसंच्या तसं उचललं. ताई त्याला घुम्याच म्हणायची.

अल्बम जुळवणारा प्रोग्राम घुम्याने लिहिला होता. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की मोठा प्रोग्राम जागा व्हायचा नि हाताखालच्या लहान प्रोग्रामांना कामाला जुंपायचा. कुणी फोटो निवडी, कुणी कडा छाटी, कुणी पानं जुळवून प्रिंटरकडे धाडी. आणि प्रत्येक फोटोगणिक सगळे बोलत: घेतला, छाटला, लावला, घेतला, छाटला...

“बाजार भरलाय नुसता! गप्प कर रे त्यांना,” ताई करवादली.

घुम्याने काल मोठ्याला ‘शांत’ असं सेटिंग लावलं. लहानांना वेगळं सांगावं लागलं नाही. मोठ्याचं वळण तेच त्यांचं.

आज बाईंचा निरोप समारंभ. या दोघा भावंडांचा हात धरून अक्षर गिरवून घेतलेल्या बाई. पाच वाजता शाळेत त्यांच्या हाती अल्बम पडायचा होता, त्यांच्या पहिल्या वर्गापासून शेवटच्या वर्गापर्यंतचा. दरवर्षीचा फोटो आप्पांनीच काढलेला.

सकाळी घुम्याने प्रोग्राम सुरू केला. पडदा काळाभोर, निवांत.

“बघ, कसं मुकाट काम करतायत!” ताई खूश.

कोपऱ्यात आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून फ्रेमची काच पुसत होते. मधूनच प्रिंटरकडे बघायचे, मधूनच ताईकडे, की पुन्हा काच.

दुपार कलल्यावर ताई पानं घ्यायला गेली. ट्रे रिकामा. प्रिंटर गार.

“घुम्या! अरे, एक पान आलेलं नाही!”

घुम्या धावला. ‘शांत’ काढून त्याने प्रोग्राम पुन्हा सुरू केला. लगेच ओळ उमटली: याच नावाचा अल्बम आधीच आहे. त्यावर लिहू? हो की नाही?

“कालचा कच्चा अल्बम,” घुम्या पुटपुटला. “लहानांतला एक सकाळपासून हेच विचारत होता. बाकीच्या बडबडीसोबत हा प्रश्नही गप्प झाला. वाट बघत बसला बिचारा.”

“बिचारा! शेवटी पोर कुणाचं? तोंडातून ब्र काढेल तर शपथ!” ताई आप्पांकडे वळली. “आणि तुम्हाला प्रिंटर बंद दिसला नाही?”

“दिसला की.”

“मग?”

“म्हटलं, तुमचं काही चाललं असेल.”

ताईने कपाळावर हात मारला. घुम्याने ‘हो’ टाइप केलं, आणि नवं सेटिंग लावलं: बडबड नको, पण अडलं किंवा विचारायचं असलं तर बोलायचंच, मोठा गप्प असला तरी. प्रिंटर घरघरला. ऊन ऊन पानं येऊ लागली, बाईंच्या केसांत पान उलटेल तशी चांदी चढत गेली.

पाचाच्या आत अल्बम बांधून झाला. ताई चपला घालत दारातून ओरडली, “कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा बाबांनो, नंतर वाट बघत बसू नका!”

कोपऱ्यात कुणीतरी खाकरलं.

“मी येऊ का?” आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, “हो की नाही?”

ताईचं लक्ष आता त्या शर्टाकडे गेलं. गळ्यापर्यंत लावलेली बटणं, चापून बसवलेला भांग. सकाळपासून.

“हो,” घुम्या म्हणाला. ताईच्याही आधी.

ताईने आप्पांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.