जाड तारेचा आवाज

कपडे धुवायच्या मशीनने टीं टीं करायला सुरुवात केली आणि मी हातातला अर्धा शिवलेला पडदा तसाच टाकून मोरीकडे धावले. कपडे धुऊन झाले की हे मशीन असं ओरडतं, जणू साऱ्या इमारतीवर उपकार केलेत. बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं आणि परत येऊन पाहिलं. ठकू पलंगावर आडवी, तोंड उघडं, एका पायात मोजा, दुसरा गायब. उठली नव्हती. माझ्या लेकीची दुपारची झोप हाच माझा दिवस, बाकीचा दिवस इतरांचा.

पडदे पूर्ण करायला हवे होते. मी कपाटावरून बेस गिटार काढली.

ठकूच्या आधी मी एका हॉटेलात वाजवायचे, जेवणाऱ्या लोकांसमोर. बेस मुद्दाम कोणी ऐकत नाही. लोक गाणारीकडे बघतात, फार तर ड्रमवाल्याकडे. पण बेस थांबला की जेवणाऱ्यांचे चमचे अडखळतात, असं आमचा ड्रमवाला म्हणतो. त्याला सगळे ठोक्या म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. त्याचाच सकाळी फोन आला होता.

"आमचा बेसवाला जहाजावर नोकरीला चाललाय. तिथे तरी बुडू नये म्हणजे मिळवली, तालात रोज बुडायचा. तू ये."

"अरे, पोर लहान आहे माझं."

"पोर लहानच असतं. तू म्हातारी व्हायच्या आत ये. महिनाअखेरीला तालीम ठेवलीय. जमलं तर जागा तुझी. नाही तर मालक कुणाचा तरी भाचा आणून बसवेल."

बघते, म्हणाले मी. फोन ठेवला आणि भांडी पुसायचं फडकं खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. ठकूनेही घेतली. कशासाठी ते तिने विचारलं नाही.

आता दुपारी छोटा अ‍ॅम्प लावला, आवाज बारीक ठेवला आणि सगळ्यात जाड तार छेडली. काहीच नाही. म्हणजे आवाज होता, पण ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा. बारीक तारा ठीक होत्या. जाड तारेतून मात्र नुसती बोट घासल्याची खरखर. पूर्वी ती तार वाजली की पोटात काहीतरी जागेवर बसायचं.

बेस कपाटावर पडून होती, ठकूच्या वयाएवढी. तारा मेल्या असणार. नव्या तारा महाग, म्हणून आम्ही हॉटेलातले लोक एक उपाय करायचो, तारा काढून पाण्यात उकळायच्या. मळ सुटतो, आठ-पंधरा दिवस जीव येतो. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा गॅसवर दुधाचं पातेलं होतं आणि त्यात वेटोळी.

त्याने झाकण उचलून पाहिलं. काहीतरी बोलला.

"काय?"

"म्हटलं, किती शिट्ट्या लागतात याला?"

"हल्ली तू तोंडातल्या तोंडात बोलतोस."

"बरं बाई, तोंडाबाहेर बोलतो." तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत लोंबकळून येतो, तरी थट्टा सुचते त्याला. "आणि मिठाचं बघ जरा."

उकळलेल्या तारा चढवल्या. जाड तारेचा तोच पुठ्ठा. मग पडद्यांचे पैसे आल्यावर नव्या तारा घेतल्या. वरचे सूर काचेसारखे लखलखले. खालचा नाहीच.

"नाचता येईना..." नवऱ्याने सुरुवात केली, माझा चेहरा बघितला आणि अंगण वाकडं होण्याआधीच आंघोळीला गेला.

आणि मग एका दुपारी मला वाटलं, सापडलं. ठकू झोपलेली, अ‍ॅम्प बंद. मी जमिनीवर बसून बेस कुशीत घेतली होती. मान दुखत होती म्हणून हनुवटी तिच्या लाकडी अंगाच्या वरच्या, शिंगासारख्या टोकावर टेकवली आणि सहज जाड तार छेडली. ती वाजली. भरून, खोल, तोच जुना आवाज, जबड्यातून चढून डोक्याच्या मध्यात येऊन बसलेला. मी पुन्हा छेडली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. हनुवटी उचलली की गेला, टेकवली की आला. किती तरी वेळ मी तशीच बसले होते, पाळण्यातल्या पोराच्या गालाला गाल लावून बसावं तशी.

म्हणजे लाकूड चांगलं आहे, तारा चांगल्या आहेत. लाकडात असलेला आवाज बाहेर येत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी अडतोय. किती सरळ हिशेब होता. दोष पिकअपचा, म्हणजे तारांखाली बसवलेल्या त्या चुंबकाचा, जो तारेचा थरार वायरीत उतरवतो. माझी बेस शिकाऊ लोकांची, स्वस्तातली. तिच्यातलं चुंबकही तसलंच.

जुन्या वाद्यांच्या दुकानात ठकूला घेऊन गेले. दुकानदाराने माझी बेस उलटसुलट केली.

"ताई, या बेसमध्ये चांगलं पिकअप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण तुमचं बजेट बघता एक सांगतो. गरिबाने खालून वर जावं. आधी तारा, मग पिकअप, मग अ‍ॅम्प. नवी बेस सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात आणि बसतात रडत."

"तारा झाल्या."

"मग रांगेत आहात तुम्ही." त्याने फळीवरून जुनंच, पण नावाजलेलं पिकअप काढलं. "काका, हे खातात का?" ठकूने विचारलं. "खिसा खातं, बाळ," तो म्हणाला.

त्याने तिथेच ते बसवून दिलं, दुकानातल्या अ‍ॅम्पला जोडून स्वतः वाजवून बघितलं आणि मान डोलावली. "आता बोलतीये." मीही मान डोलावली. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता, दुकानात दोघं गिटार तपासत होते, आणि खरंच, त्या गर्दीत मला ती बरी वाटली होती. घरी आणून वाजवली, तर पुन्हा पुठ्ठा.

म्हणजे उरला अ‍ॅम्प. तो तर डब्याएवढा, त्याच्यातून खालचा सूर येणार कुठून? मी आवाजाचं बटण थोडं थोडं पुढे सरकवत होते. एकदा दारावर थाप पडली. खालच्या काकू.

"अगं, माझ्या फळीवरचे ग्लास नाचतात. वरती चक्की टाकलीस का काय?"

"काकू, एवढासा तर आहे तो."

"एवढासा असेल, पण माझ्या दातात येतोय."

काकूंना तसंही सगळ्याचाच त्रास होतो. दार लावून मी नवऱ्याकडे बघून हसले. तो हसला नाही. "मोठाच आहे गं आवाज," तो म्हणाला. हे मला नीट ऐकू आलं, कारण तो समोर उभा राहून, सावकाश म्हणाला. त्यातलं तुला काय कळतंय, असं मी म्हणाले.

महिनाअखेर जवळ आली होती. दुकानदाराकडे एक मोठा अ‍ॅम्प आला होता, कुठल्यातरी मोडलेल्या बँडचा, परातीएवढा स्पीकर असलेला. माझ्याकडे दोन मशीनं होती, एक साधं शिवणाचं आणि एक इंटरलॉकचं, कापडाच्या कडा पक्क्या करायचं. इंटरलॉक विकलं. जागा मिळाली की हॉटेलच्या दोन महिन्यांच्या पैशांत परत येईल, असं नवऱ्याला सांगितलं. त्याने अ‍ॅम्प तीन मजले वर चढवला. लिफ्ट बंद होती. "बघ, लिफ्टवाल्याच्या घरी," एवढंच म्हणाला, धापा टाकत.

तालीम एका फर्निचरच्या दुकानामागच्या गोदामात होती. उभ्या लावलेल्या गाद्यांच्या मधोमध ठोक्याने ड्रम मांडले होते. गाणारी होती, गिटारवाला होता. नवरा ठकूला घेऊन एका गुंडाळलेल्या गादीवर बसला.

पहिलं गाणं सुरू झालं. ड्रम वाजायला लागले आणि माझी बोटं आपोआप चालायला लागली. सूर माझ्या बोटांना पाठ होते. पण मला मी कुठे सापडेना. मी बटण पुढे केलं, थोडं आणखी. गाणारीने माझ्याकडे बघून तळहात खाली केला. मला वाटलं, लय कमी कर म्हणतेय. बटण तसंच राहिलं. मग तिने माइक ठेवला आणि कानांवर हात घेतले. ठोक्या थांबला.

"काय झालं? कमी पडतोय का?" मी विचारलं.

ठोक्या ड्रममागून उठून आला. हसत होता, पण ते हसू त्याने कुठूनतरी उसनं आणलं होतं.

"अगं, गाद्यांमधले ढेकूण पळाले."

"मला येत नाहीये, ठोक्या. जाड तार येतच नाहीये. पिकअप नवीन आहे, तारा नव्या आहेत, अ‍ॅम्प..."

त्याने माझा हात धरला आणि अ‍ॅम्पच्या अंगावर ठेवला. मग दुसऱ्या हाताने माझ्या बेसची जाड तार छेडली. माझ्या तळहाताखाली अ‍ॅम्प थरथरत होता, तापलेल्या पोरासारखा. कोपरापर्यंत आला तो थरार. आणि आवाज, ओल्या पुठ्ठ्यावरची टिचकी.

"कान दाखवून ये," तो अगदी जवळ येऊन म्हणाला. ठोक्याला मी इतकं थट्टेवाचून बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ठकू माझ्या मांडीवर होती. बाईंनी एक दोन टोकांचं पोलादी चिमट्यासारखं काहीतरी आपल्या कोपरावर आपटलं आणि माझ्या कानाशी धरलं.

"येतंय?"

"नाही."

मग त्याचंच बूड त्यांनी माझ्या कानामागच्या हाडावर टेकवलं. "आणि आता?"

डोकं भरून गेलं. मला पुढचं सांगायची गरजच नव्हती. हनुवटी लाकडावर टेकवून मी ज्या दुपारी आनंदाने रडले होते, त्याच दुपारी बेस मला सगळं सांगत होती, आणि मी उठून चुंबक आणायला गेले.

"आत तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, ते हलायला लागतं," बाई म्हणाल्या. "तुमचं जाम होत चाललंय, दोन्हीकडे. खालचे आवाज आधी जातात. हिचं वय काय?"

"चार."

"हिच्या जन्माच्या आसपासच सुरू झालं असणार. मुळात अंगात असतं, बाळंतपणात कधी कधी जोर धरतं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी मला भेटा."

"ऑपरेशन?"

"डाव्याचं करता येईल, बराच सुधारेल. उजव्याची आतली नसही गेलीय. पण ऑपरेशननंतर मोठ्या आवाजाशेजारी उभं राहायचं नाही. कायमचं."

"आणि कानात घालायचं मशीन?"

"ते माणसांचं बोलणं कळावं म्हणून असतं. ते कळेल चांगलं." त्या कागदावर लिहीत होत्या. "काय काम करता तुम्ही?"

"पडदे शिवते," मी म्हणाले.

ठोक्याचा फोन दोन दिवसांनी आला. फोनवर सगळ्यांचेच आवाज बारीक होतात, त्यामुळे तो मला स्वच्छ कळला. मालकाने एक पोरगा आणला होता. भाचा नव्हता, मेहुणा होता. बरा वाजवतो, म्हणाला. "त्याच्याकडे अ‍ॅम्प नाहीये गं. तू जर... म्हणजे घाई नाही."

"घेऊन जा," मी म्हणाले. "चांगला आहे. खालचे सूर फार छान देतो, म्हणतात."

त्या संध्याकाळी ठोक्या आणि तो मेहुणा, दोघं मिळून अ‍ॅम्प खाली घेऊन गेले. ठोक्याने ठकूच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं नाही. मेहुणा विशीतला, नम्र, जिन्यात "सांभाळून" म्हणत होता. त्याला मी पिकअपबद्दल चार गोष्टी सांगितल्या. कोणत्या तारा घ्याव्यात तेही. पैसे टेबलावर ठेवून गेले, ते नवऱ्याने उचलून कपाटात ठेवले. इंटरलॉक तेवढ्यात येणार नव्हतं. मग तो माझ्या जवळ उभा राहून बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. पण पुन्हा सांग म्हणायचं त्राण नव्हतं, म्हणून मी हो म्हणाले.

ठकूची आंघोळ राहिली होती. पाणी काढलं, तिला पाटावर बसवलं. तिचा आवाज बारीक, चिमणीचा, तो मला अजून सगळा ऐकू येतो. एकेक अक्षर येतं. साबणाचा फेस ती कोपरापर्यंत चोळत होती.

"आई, त्या डॉक्टर म्हणाल्या ना, मी आले तेव्हा तुझा आवाज जायला लागला."

"पाठ कर इकडे."

तिने पाठ केली नाही. माझ्याकडे बघत राहिली, ओल्या पापण्यांनी.

"तूच सांगतेस ना, पोटात असताना मी तुझ्यातलंच खायचे. मग ते पण मीच खाल्लं का?"