माझ्या तोंडात पडलं तेवढंच

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. वर पत्र्याचं नरसाळं, पोटात बाटली, एवढाच माझा संसार. वीस वर्षं पाणीपुरवठा कचेरीच्या अंगणात उभा राहिलो आणि एका थेंबाचंही खोटं बोललो नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझ्या नावावर फार मोठं खोटं खपवलं गेलं.

रोज सकाळी साडेआठला मोजणीबाई यायच्या, पाणी मोजायच्या, आकडा वहीत लिहायच्या. "शहाणं माझं बाळ!" म्हणत नरसाळं पुसायच्या. त्या वर्षी डोंगराच्या अलीकडे पाऊस मनसोक्त झाला. पलीकडे मात्र ढग नुसते तोंड दाखवून गेले. विहिरी आटल्या. बाईंची थोरली बहीण तिकडची. ती रिकामी कळशी घेऊन थेट साहेबांपुढे उभी राहिली.

"टँकर पाठवा."

"ताई, पर्जन्यमापक सांगतोय, तुमच्या भागात सरासरीइतका पाऊस झालाय."

मी? मी कधी सांगितलं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, माझं तोंड वीतभर! त्यात पडलं तेवढंच मी सांगणार.

"मग तो आमच्या अंगणात आणून ठेवा," ताई म्हणाली.

"तो हलवायचा नाही. नियम आहे."

मोजणीबाई दारातून ऐकत होत्या. त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली, पान्याने माझे बोल्ट सोडवले आणि मला मांडीवर घेऊन बसने ताईकडे निघाल्या.

"अगं, नोकरी गेली तर?" ताईने विचारलं.

"तुझ्याकडे राहीन. पाणी मात्र तू भरायचंस."

आठ दिवस मी ताईच्या अंगणात आ वासून उभा होतो. कचेरीत मी नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. बघा माझी किंमत!

नवव्या दिवशी दोघी बहिणींनी मला पिशवीत घालून परत आणलं, तेव्हा कचेरीवर धो धो पाऊस कोसळत होता. साहेबांची छत्री कोपऱ्यात ठिबकत होती. बाईंनी मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. माझ्या नरसाळ्यात कोळ्याने जाळं विणलं होतं, अगदी कोरडं.

"डोंगरापलीकडची नोंद, साहेब. आठही दिवस शून्य."

"हा हलवला कोणी?"

"मी. लिहा माझं नाव."

साहेबांनी त्या जाळ्यावरून बोट फिरवलं आणि टँकरच्या कागदावर सही केली. दुपारी पहिला टँकर डोंगर चढला. बाईंना लेखी ताकीदही मिळाली.

आता कचेरीत नवा मापक आहे. मला कायमचं ताईच्या अंगणात बसवलंय; त्यानंतर कचेरीत परत गेलो नाही आणि जाणारही नाही. मित्रांनो, माझं नरसाळं पुसायला विसरलात तरी मी रुसणार नाही. पण कोणी खुर्चीत बसून "पाऊस झालाय" म्हणालं, तर मान डोलावू नका. उठा आणि विचारा, "कोणाच्या अंगणात?"