गजराबाईच्या दोन शपथा

लोणखेड्याच्या भाईदास पाटलांच्या घरात बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं. त्या घराची ती रीतच होती. भाईदास आपल्या वडिलांशी कधी समोरासमोर बोलले नाहीत, आणि नवनीतला मिसरूड फुटल्यापासून तोही भाईदासांशी बोलेनासा झाला. जे काय सांगायचं-विचारायचं ते मधल्या माणसाकडून, आणि मधलं माणूस म्हणजे गजराबाई.

"त्याले सांग, मोटर बंद करी ये," भाईदास ओट्यावरून म्हणायचे. नवनीत चार हातांवर, पडवीत बसलेला असायचा आणि त्याला सगळं स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी गजराबाई हातातला चहा खाली ठेवून उठायची, पडवीत जाऊन म्हणायची, "मोटर बंद करी ये." तो म्हणायचा, "आबास्ले सांग, बंद करी उनू." की ही परत ओट्यावर. एवढ्या वर्षांत या बाईनं सकाळचा चहा गरम असा कधी प्यायला नाही. सून रुपा आली तेव्हा तिला आधी हे सगळं गमतीचं वाटलं, मग ती हसायची थांबली. सवय झाली.

श्रावण लागायच्या जरा आधी भाईदासांचं जेवण कमी झालं. फोन वाजला की ते ताटावरून उठायचे, गोठ्यामागे जायचे आणि परत आले की उरलेली भाकर तशीच ठेवायचे. गजराबाईनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी धुडकावून लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी तिला कोठीच्या खोलीत बोलावलं.

"गजरा, एक सांगस. पन तुले कानबाईनी आण शे, पोऱ्याले कळाले नको."

कानबाई म्हणजे खान्देशातल्या घरांची श्रावणातली देवी, रविवारी बसते आणि सोमवारी उठते. तिची शपथ घेऊन कोणी हसत नाही. गजराबाईनं घेतली.

"त्यानी कर्ज लिधं शे. मोबाइलवर. वसुलीवाला मल्होत्रासाहेब माले फोन करी ऱ्हायना. रोज दिवेलागणीले. पैसा नही दिधा तं पोऱ्याना फोटोवर चोर लिखीसन बठा भाऊबंदस्ले धाडसू, अशी धमकी देस."

"मंग पोऱ्यालेच इचारा ना."

"कसं इचारू? बापनी असं इचारं तं त्याना माथा कायमना खाले व्हई जाई." भाईदासांनी खोलीचं दार लोटून घेतलं. "मी थोडा थोडा पैसा भरी दिधा शे. शहादाले जाईसन, मोबाइलना दुकानवरून. तरी म्हणस, व्याज बाकी शे."

गजराबाईला ते पटेना. आपला नवनीत आणि चोरून कर्ज? पण तोही हल्ली कुठे धड बोलत होता. मोटरसायकल घ्यायची म्हणून किती दिवस पैसे साठवत होता, आता त्याचं नावही काढत नव्हता. फोन वाजला की घराबाहेर जात होता. तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही, आणि ज्याच्यापाशी मोकळं व्हावं त्यालाच सांगायला बंदी.

मग एके दुपारी पपईच्या बागेत ती गवत काढत असताना नवनीत तिच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ मातीत काडीनं रेघा ओढत राहिला.

"माय, कानबाईनी आण घे, आबास्ले सांगजो नको."

हिनं ती पण घेतली. लेकाला नाही कसं म्हणणार?

"आबास्नी कर्ज लिधं शे. मल्होत्रा नावना वसुलीवाला रोज दिवेलागणीले माले फोन करस. म्हणस, तुना बाप पैसा देत नही, त्याना फोटो गावमा लाई देसूत. मी मोटरसायकलना पैसा दी टाका. आबास्ले या वयमा कोनी चोर म्हनो, ते माले देखाले नको." त्यानं काडी फेकून दिली. "पन माले अठे गुदमरस. आबा रोज शहादाले जातस, कसाले जातस ते सांगतस का? कानबाई उठी का मी आनि रुपा सुरतले निंघी जासूत."

गजराबाईच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. मल्होत्रा. भाईदासांनीही कोठीच्या खोलीत हेच नाव घेतलं होतं, "मल्होत्रासाहेब" असं, चांगलं मानानं. तेव्हा तिनं लक्ष दिलं नव्हतं. आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाप लेकाचं कर्ज फेडतोय, लेक बापाचं फेडतोय, आणि कर्ज कोणाचंच नाही. बाप गोठ्यामागे जातो म्हणून लेकाला संशय, लेक घराबाहेर पळतो म्हणून बापाला खात्री. कोण कुठला तो मल्होत्रा, पण त्याला या घरातली भिंत नेमकी सापडली होती, आणि ती भिंत त्यानं बांधलेली नव्हती.

ती हसली, मग तिला रडू आलं. नवनीतला वाटलं, सुरतेमुळे.

त्याच संध्याकाळी भाईदास म्हणाले, "कानबाई उठी का वाटणी करी टाकसू. त्याना हिस्सा त्याले दी देऊत. बठं घर बुडाले नको." म्हणजे एकजण सुरतेला निघालेला, दुसरा वाटणीला निघालेला, दोघंही एकमेकांच्या काळजीपोटी, आणि चूल मात्र गजराबाईची फुटणार. तोंड उघडावं तर दोन शपथा. दोन्ही एकाच देवीच्या. बरं, दोघांपैकी एकालाही "तुम्हीच जरा विचारून बघा" म्हणून ऐकवण्याची सोय नव्हती. तिनं ते करून पाहिलं होतं आणि दोघांनी सारखीच मान हलवली होती. हट्टात मात्र दोघं अगदी एकमेकांवर गेलेले.

गजराबाईला राग आला. मल्होत्राचा आला तो आलाच, पण या दोन शहाण्यांचा जास्त आला. रागाच्या भरात तिला एक गोष्ट सुचली.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. तिच्या सासूची शिस्त अशी होती की ज्यानं त्यानं आपली सव्वा मूठ आपल्या हातानं सुपात टाकायची. दरवर्षी भाईदास सकाळी टाकून शेतात जायचे आणि नवनीत सवडीनं संध्याकाळी. या वर्षी गजराबाईनं जाहीर केलं, दोघांनी एकत्र बसायचं, दिवेलागणीला.

"असं कवय ठरनं?" भाईदासांनी विचारलं.

"आज ठरनं," ती म्हणाली. या घरात तिनं असं ठरवलेलं फारसं काही नव्हतं, म्हणूनच बहुधा दोघांनीही ऐकलं.

त्याआधी तिनं स्वयंपाकघरात रुपाला गाठलं. रुपाच्या खोलीत बॅग भरून ठेवलेली तिनं पाहिली होती, पण त्यावर ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "रुपा, हाऊ फोनना आवाज मोठा कसा करतस?" रुपानं बटण दाखवलं. गजराबाईनं तिच्याच फोनवर दोनदा दाबून पाहिलं.

दिवेलागणीला पाट मांडले. समोर सूप, बाजूला गव्हाची परात. "देवीनं काम शे, फोन बाजूले ठेवा," म्हणत तिनं दोघांचे फोन घेतले आणि कोनाड्यात दिव्याजवळ ठेवले. बाप आणि लेक समोरासमोर बसले, नजरा सुपावर. भाईदासांनी पहिली मूठ उचलली आणि फोन वाजला. त्यांचा.

भाईदास अर्धे उठले.

"मूठ भरेल शे, मधमाच उठू नका," गजराबाई म्हणाली आणि तिनं फोन घेतला, आवाज मोठा केला आणि तो सुपाशेजारी ठेवला.

"भाईदास पाटील," खोलीभर आवाज घुमला, "आज पैसा नहीं आया तो तेरे बेटे नवनीत का फोटो पूरे गाँव में जाएगा. लोन लेते टाइम शरम नहीं आई उसको?"

भाईदासांनी डोळे मिटून घेतले. त्यांची मूठ तशीच हवेत होती आणि बोटांतून गहू गळत होते. नवनीत आधी फोनकडे, मग बापाकडे बघत राहिला. गजराबाईनं फोन बंद केला.

"मन्हं लोन?" नवनीत म्हणाला. "आबा, मी तं एक पैसा लिधा नही."

किती वर्षांनी तो सरळ बापाशी बोलला होता, हे त्यालाही कळलं नाही.

"लिधा नही?" भाईदासांनी डोळे उघडले. "मंग तू रोज बाहेर जाईसन कोनसंगे बोलस?"

"तुम्हनाच कर्जाकरता बोलस ना."

"मन्हं कसानं कर्ज?"

नवनीतला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. कोनाड्यातला दुसरा फोन वाजला. गजराबाईनं तोही आणून सुपाशेजारी ठेवला, बटण दाबलं. तोच आवाज, तीच गुर्मी. "नवनीत, तेरे बाप ने उधार लिया और अब मुँह छुपाके बैठा है. बुड्ढे की इज्जत चाहिए कि नहीं?"

भाईदासांनी स्वतःचं कर्ज शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हातातले उरलेले गहू सुपात टाकले, फोन उचलला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मल्होत्रासाहेब, मी भाईदास बोली ऱ्हायनू. मन्हं कर्ज मन्हा पोऱ्यानी फेडं, पोऱ्यानं मी फेडं. आते तुम्हनं काय बाकी शे?"

पलीकडून एक शिवी आली आणि फोन कटला.

 रुपा दारात येऊन उभी होती. भाईदास लेकाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळा असून त्यांनी पुसलं नाही.

"तू मन्हाकरता मोटरसायकलना पैसा दिधा?"

"तुम्ही बी तं दिधा."

"तू मन्हा पोऱ्या शे. माले देनाच व्हता."

"मंग?" नवनीत म्हणाला, आणि त्यानं आपली सव्वा मूठ सुपात टाकली.

गजराबाई कोनाड्याकडे तोंड करून म्हणाली, "कानबाई माय, मी एक सबद सांगा नही. जे सांगं ते फोननी सांगं." रुपा हसू दाबायला आत पळाली. आत गेल्यावर तिनं बॅग उघडून साड्या परत कपाटात ठेवल्या.

हे भूत घरात शिरलं कसं, ते नवनीतनं त्याच रात्री शोधून काढलं. उन्हाळ्यात भाईदासांच्या फोनवर एक लग्नपत्रिका आली होती. कोणाची ते कळत नव्हतं, पण आलेली पत्रिका उघडायची नाही म्हणजे काय, म्हणून त्यांनी उघडली. आणि पत्रिका घरातल्या सगळ्यांना कळवायची असते, म्हणून लेकाला पुढे पाठवली, आणि त्यानंही उघडली. बापलेकांत थेट जात-येत होतं ते एवढंच, लग्नपत्रिका. त्या फायलीनं दोन्ही फोनांतली सगळी नावं-नंबर आणि फोटो उचलून नेले होते. कोणाला 'आबा' म्हणतात, कोण 'नवनीत' आहे, चोराला सगळं आयतं मिळालं.

नवनीतनं ऑनलाइन फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी बापलेक एकाच गाडीवर शहाद्याच्या पोलीस ठाण्यात गेले. रस्त्यात काय बोलले, माहीत नाही. मागे बसलेल्या भाईदासांचा हात लेकाच्या खांद्यावर होता, हे गावानं पाहिलं. पैशातले काही बँकेत अडवले गेले, बाकीचे गेले ते गेले.

कानबाईच्या दिवशी भाऊबंद जमले, रोट वाढायच्या आधी भाईदास उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या लाजेसकट. "माले लाज वाटनी, म्हनून मी इचारं नही. इचारं असतं तं एक दिनमा मिटतं." ते सांगत असतानाच काही जणांचे फोन टिंगटिंग वाजले. नवनीतचा फोटो, खाली 'चोर'. मल्होत्रानं शब्द पाळला होता. सगळ्यांनी फोटो बघितला, मग नवनीतकडे बघितलं. भाईदासांचा चुलतभाऊ रतिलाल मात्र ताटाकडे बघत बसला होता.

"भाईदास," तो हळूच म्हणाला, "माले बी कितला दिनपाईन फोन येतस. मी घरमा बी सांगं नही." त्याची बायको पंगतीपलीकडून वळून बघायला लागली. गजराबाईनं त्याच्या ताटात रोटाचा मोठा तुकडा वाढला आणि नवनीतला त्याच्या शेजारी बसवलं. जेवण होईपर्यंत नवनीत त्याला १९३० चं सगळं समजावत होता.

सोमवारी वाजतगाजत गोमाई नदीवर कानबाईला निरोप दिला. वाटणीचं कोणी बोललं नाही, सुरतेचंही नाही.

मंगळवारी सकाळी गजराबाई चहा घेऊन बसली, तेवढ्यात ओट्यावरून हाक आली. सवयीनं तिनं कप खाली ठेवला, पदर खोचला आणि उठली. पडवीच्या दारापर्यंत गेली तेव्हा हाक पुन्हा ऐकू आली, पुरी.

"नवनीत, मोटर बंद करी ये."

"हो आबा, जाई ऱ्हायनू."

ती दारातच थांबली. न्यायला निरोप नव्हता, आणायलाही नव्हता. नवनीत तिच्याजवळून चपला घालून निघून गेला. गजराबाई परत फिरली, खाली बसली आणि कप उचलला. चहा अजून गरम होता. एवढा, की पहिल्या घोटाला तिची जीभ पोळली.